तिसऱ्या तुकड्यावरची आग

सुलभा, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळच्या सीबच्या बाजारात सुरमई कापून घेत होतो. तुझ्या नवऱ्याचा, अशोकचा आवाज ओळखूच येत नव्हता. "पास्कल, सुलभा गेली रे," एवढंच तो म्हणाला. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार कुठला आला, हे लिहायची लाज वाटते. मला वाटलं, आता ही कधीच सांगणार नाही.

तेरा वर्षं मी एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. डोंगरावरच्या तिसऱ्या तुकड्याला तू खरंच आग लावली होतीस, की कागदावरच लावलीस, हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

बायकोला, रेजिनाला घेऊन संध्याकाळी अल् खुवैरला तुमच्या घरी आलो. पुण्याचे, मुंबईचे, आपल्या जुन्या ऑफिसमधले, सगळे दाटीवाटीनं बसले होते. कुणी म्हणालं, बाई कामात इतकी चोख होती. मी दाराजवळच्या खुर्चीत खाली मान घालून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, मला माहीत आहे किती चोख ते. तुझा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. त्या फोटोतही तू काहीतरी दडवते आहेस असं मला वाटलं. मी असा माणूस आहे. सर्वेयरची नोकरीच तशी, दुसऱ्यानं मोजलेलं खरं धरायचं नाही. नोकरीतली ती खोड माझ्या स्वभावात कधी उतरली ते कळलं नाही.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

चौऱ्याण्णव साली आपली ओळख झाली. आपल्या कंपनीला डोंगरावरच्या जुनिपरच्या जंगलाचं काम मिळालं होतं. वाळवंटाच्या देशात सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे, हे वसईला सांगितलं तर माझा भाऊ हसला होता. पण दोन हजार मीटरच्या वर, थंड वाऱ्यात, ती वाकडी, पिळवटलेल्या खोडांची झाडं उभी होती आणि शेंड्याकडून वाळत चालली होती. कशानं वाळतात ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. बाहेरच्या देशातला एक सल्लागार आला. त्याच्याकडे पाइनची जंगलं विरळ करतात, गर्दीतली झाडं काढतात, हिवाळ्यात ठरवून जमिनीलगतची आग लावतात, म्हणजे कचरा जळतो आणि उरलेली झाडं जोमानं वाढतात. तेच इथे करून बघायचं ठरलं. तीन तुकडे आखायचे. एक तसाच सोडायचा, दुसऱ्यात विरळणी करायची, तिसऱ्यात आग. मग दहा वर्षं दरसाल मोजत राहायचं.

तू मीटिंगमध्ये उभी राहिलीस. "सर, हे पाइन नाही. पाइनची साल जाड असते, आग सोसते. जुनिपर एकदा जळला की बुंध्यातून परत फुटत नाही. त्याचं रोपटं मोठ्या झाडाच्या सावलीत वाढतं. सावली काढलीत, जमीन भाजलीत, तर दहा वर्षांनी मोजायला काय उरेल?"

मॅनेजर कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, डिझाइन फायनल है. खलास."

आणि तू खाली बसलीस. तिथे मला पहिली शंका आली. तू इतक्या लवकर गप्प बसणारी बाई नव्हतीस. कँटीनमधल्या चहात साखर जास्त पडली तर अर्धा तास वाद घालायचीस. मी मनात म्हटलं, हिनं काहीतरी ठरवलंय.

तुकडे मीच आखले. थिओडोलाइटची दुर्बीण लावून, प्रत्येक कोपऱ्यावर लोखंडी खुंट ठोकून. आग पसरू नये म्हणून तिसरा तुकडा मुद्दाम लांब, खालच्या टप्प्यावर घेतला. तिथे एक मोठा धोंडा होता. त्यावर लाल खूण केली आणि त्या खुणेपासून सगळी अंतरं वहीत लिहिली. तू मागून म्हणालीस, "वसईकर, अक्षर तरी वाचता येईल असं काढ." मी म्हटलं, "माझी वही दुसऱ्या कुणाला वाचावी लागणार नाही." किती गर्वानं म्हटलं होतं!

आग लावली त्या जानेवारीत मी सुट्टीवर वसईला होतो. परत आलो तर फाइलमध्ये तुझा एक पानी रिपोर्ट लागलेला. वारा कमी, आग आटोक्यात, तुकडा पूर्ण जळला. सोबत फोटो नाही. विचारलं तर म्हणालीस, कॅमेऱ्यात रोल भरायचा राहिला. मला ते पटलं नाही. पुढच्या वर्षी तुला बातिना किनाऱ्यावरच्या खजुराच्या कामावर टाकलं आणि डोंगरावरची मोजणी माझ्याकडे आली. जळलेल्या तुकड्यात मात्र पहिली दोन वर्षं पाऊल टाकायचं नाही, तिथली मोजणी सत्त्याण्णवपासून, असं डिझाइनमध्येच होतं. मी आकडे आणायचे, तू ऑफिसच्या टेबलावर बसून त्यांचे तक्ते करायचे.

सत्त्याण्णव साली सालेमचा निरोप आला, की तिसऱ्या तुकड्याचे खुंट कुणीतरी उपटून नेले. सालेम म्हणजे त्या उतारावर शेळ्या चारणारा म्हातारा. आपल्याला दर वेळी खजूर आणि कहवा देणारा, अर्धी अरबी, अर्धी हिंदी बोलणारा, तुला दोक्तोरा आणि मला मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, म्हणणारा. मी नवीन खुंट घेऊन वर गेलो. ढग इतके खाली आले होते की दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. गाडीचा रस्ता तोवर बराच वर सरकला होता, त्यामुळे मी उलट्या बाजूनं, वरून खाली उतरलो. एक मोठा धोंडा लागला. लाल खूण उडालेली वाटली. तिथून अंतरं धरून चार खुंट ठोकले. आत फिरून बघितलं तर झाडं हिरवी. फक्त एका झाडाखाली थोडा कोळसा आणि राख.

मी तिथे उभा राहून मोठ्यानं हसलो. म्हटलं, वा सुलभा! एका कोपऱ्यात काटक्यांचा ढीग पेटवलास आणि लिहिलंस तुकडा पूर्ण जळला.

खाली आल्यावर मी कुणालाही काही बोललो नाही. का बोललो नाही, ते नीट सांगता येत नाही. थोडं कौतुक होतं, झाडं वाचवलीस म्हणून. आणि थोडं असं होतं, की तुझं एक गुपित माझ्या मुठीत आहे. रेजिनालाही सांगितलं नाही. त्यानंतर तुझ्याशी बोलताना मी प्रत्येक वाक्य उलटून बघायला लागलो.

दरवर्षी आकडे यायचे. पहिल्या तुकड्यात जुनी झाडं हळूहळू वाळत होती, तरी त्यांच्या पायाशी एखाददुसरं रोपटं धरत होतं. विरळणीचा तुकडा पहिली तीन वर्षं इतका नीटनेटका दिसला, की मॅनेजरनं पाहुण्यांना नेऊन दाखवला. मग तिथली रोपटी उन्हानं करपली आणि नवीन आलीच नाहीत. सावली काढल्याचा हिशेब चौथ्या-पाचव्या वर्षी पुढे आला. आणि तिसरा, आगीचा तुकडा? तो सगळ्यात हिरवा.

एकदा तू तो तक्ता पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ बसली होतीस. मी चहा घेऊन आलो. तू म्हणालीस, "माझंच चुकलं असेल, पास्कल. झाड माझ्या अंदाजापेक्षा चिवट निघालं. जळूनसुद्धा उभं आहे."

मी तुझ्या डोळ्यांत बघत राहिलो. पापणी हलते का बघत होतो. मनात म्हटलं, काय नाटकी बाई आहे ही!

सुलभा, तू तेव्हा खरंच स्वतःला चुकीची मानत होतीस. वीस वर्षं शिकलेलं सगळं माझ्या चार आकड्यांसाठी बाजूला ठेवायला निघाली होतीस. मी मात्र तुझ्यासमोर बसून बिस्कीट बुडवत होतो.

दोन हजार चार साली दहा वर्षांचा अहवाल करायची वेळ आली. मॅनेजरनं ठरवूनच टाकलं, की आगीचा परिणाम उत्तम, आता सगळ्या उतारावर हीच पद्धत लावू. तेव्हा मात्र माझी झोप उडाली. तू न लावलेल्या आगीच्या जोरावर आता खरी आग लागणार होती. मी ठरवलं, हिला विचारायचं.

निझवाच्या रस्त्यावर, गाडीत, आपण दोघंच होतो. पण मी तोंड उघडायच्या आत तूच विचारलंस.

"पास्कल, सत्त्याण्णवमध्ये खुंट बदललेस ना, ते इन्स्ट्रुमेंट लावूनच ना?"

"मग काय पावलं मोजून?" मी फाडकन म्हटलं.

मी पावलंच मोजली होती, सुलभा. इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीला गेलं होतं. दुसऱ्या दिवसावर टाकायचं म्हणजे डोंगरावर जायच्या परवान्याचा कागद पुन्हा नव्यानं करावा लागला असता, तेव्हा चेकपोस्टवर फार कटकट होती. मी म्हटलं, मला अंतरं पाठ आहेत. वहीत "थिओ." असं लिहून मोकळा झालो. तू विचारलंस त्या क्षणी मला ते सगळं आठवलं. आणि आठवलं म्हणूनच मी तुझ्यावर उलटलो.

"माझं सोड," मी म्हटलं. "तू आग खरंच लावली होतीस का? की नुसता कोपऱ्यात ढीग पेटवलास?"

तू वळून माझ्याकडे बघितलंस. मग पुढच्या काचेकडे बघत विचारलंस, "किती वर्षं तुला असं वाटतंय?"

"सात."

"आणि सात वर्षं तू माझ्या घरी जेवतोयस."

"उत्तर दे ना."

"गाडी वळव," तू म्हणालीस.

मी गाडी मस्कतकडे वळवली. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे माझं खरं होतं, असा मी अर्थ लावला. पुढच्या आठवड्यात तू एकटीच वर गेलीस. परत येऊन अहवालाला पान जोडलंस. तिसऱ्या तुकड्याची जागा चुकलेली आहे, सत्त्याण्णवपासूनचे तिथले आकडे धरू नयेत, देखरेख माझी असल्यामुळे जबाबदारी माझी, असं खाली तुझ्या सहीनं. आग लावायची योजना बारगळली. तुझं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. मी समजलो, अर्धी कबुली दिली बाईनं. जागा चुकली म्हणते, आग लावलीच नाही असं सरळ म्हणत नाही. निरोपाच्या पार्टीला मी ताप आल्याचं सांगून गेलो नाही.

त्यानंतर साडेतीन वर्षांत आपण भेटलो ते एकदाच, अल अमेरातला कुणाच्या तरी नव्या घराच्या जेवणाला. तू स्वतःहून जवळ आलीस. "मुली कशा आहेत? मोठीची दहावी ना यंदा?" मी म्हटलं, "हो," आणि ताट घ्यायला गेलो. मागे वळून पाहिलं नाही, त्यामुळे तुझा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. आता तेवढंच डोळ्यांसमोर येतं, न पाहिलेला चेहरा.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी मी डोंगरावर गेलो. सालेमला सांगायला हवं होतं. आता वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय. सालेम खूप थकलाय, नातवाच्या घराबाहेर चटईवर बसलेला असतो. मी सांगितल्यावर त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "दोक्तोरा त्या दिवशी खूप रडली होती."

"कुठल्या दिवशी?"

"आग लावली त्या दिवशी. मी होतो ना. पाण्याचे डबे घेऊन मी आणि माझा भाऊ. ती काडी लावेना. तीन वेळा विझवली. मग लावली. झाडं जळायला लागली तशी पाठ करून उभी राहिली. तू नव्हतास."

मला वाटलं म्हातारा दुसरीच गोष्ट सांगतोय. मी म्हटलं, "पण झाडं तर हिरवी आहेत."

सालेम काठी टेकत उठला. "यल्ला," म्हणाला. मी नको नको म्हणत होतो, पण तो माझा हात धरून उतारावरून चालायला लागला. माझ्या खुंटांजवळून आम्ही गेलो. तो थांबला नाही. आणखी खाली उतरलो, एक टप्पा ओलांडला आणि तिथे एक दुसरा धोंडा होता. सावलीच्या बाजूला त्यावर अजून बोटभर लाल रंग होता. त्याच्यापुढे चौकोनभर जमीन. राखाडी, साल गळून गेलेली खोडं. काही पडलेली, काही उभी. सगळी मेलेली. मी खाली बसून रोपटी शोधली. तेरा वर्षांत एकही नवं रोपटं आलेलं नव्हतं.

"आणि वर जो कोळसा आहे?" मी विचारलं.

"ती माझी चूल," सालेम म्हणाला. "कहवा करायची."

मग त्यानं सांगितलं, की चार वर्षांपूर्वी तू एकटी आलीस तेव्हा त्यानं तुला हेच दाखवलं. तू वरचे खुंट बघितलेस, खालचा धोंडा बघितलास, आणि त्या धोंड्यावर दुपारपर्यंत बसून राहिलीस. जाताना त्याला म्हणालीस, मुहंदिसला सांगू नकोस. त्यानं का विचारलं तर म्हणालीस, त्याच्या मुली इथल्या शाळेत आहेत, त्याचा व्हिसा जाईल.

मी आठ दिवसांनी इन्स्ट्रुमेंट घेऊन परत गेलो आणि नीट मोजलं. दोन चौकोनांत जवळजवळ सत्तर मीटरचं अंतर आहे. ढगातून चालणाऱ्या एका शहाण्या माणसाची सत्तर मीटरची चूक, आणि तिच्यावर सात वर्षांचे आकडे.

तेव्हापासून मी सारखा तुझ्याशी भांडतोय, सुलभा. आभार मानावेत असं वाटतं, आणि लगेच संशय येतो. ती दया होती, की मला शिक्षा होती? मी तुला खोटारडी म्हटलं आणि तू मला खरं न सांगता वाचवलंस, म्हणजे मी आयुष्यभर चुकीचाच राहावा असंच तुला हवं होतं का? मला बोलावून चार शिव्या दिल्या असत्यास तर? मी भांडलो असतो, नाकारलं असतं, आणि एखाद्या दिवशी मान्यही केलं असतं. कदाचित तू थकली असशील. एकदा विचारलं, त्यानं खोटं सांगितलं, परत कशाला विचारायचं, असंही तुला वाटलं असेल. हे मला कळायला आता काही वाव नाही. रेजिना म्हणते, "मरून गेलेल्या बाईच्या मनातही तू दुसरंच काहीतरी शोधतोयस. पुरे कर." तिचं खरं आहे. मोठी मुलगी इंजिनियर व्हायला निघाली आहे. ती इथेच शिकली, ते तुझ्यामुळे. एवढं तरी संशय न घेता लिहितो.

ज्या सरकारी खात्याचं ते काम होतं, त्याच्या कार्यालयात पत्र दिलं. खरी जागा, नवी मापं, खाली माझी सही आणि "चूक माझी" हे स्वच्छ अक्षरात. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं दोनदा वाचलं. फाइल बंद झालीय म्हणाला, पण जोडून ठेवतो, इन्शाल्ला. मग त्यानं विचारलं, म्हणजे जळलेलं परत आलंच नाही? मी म्हटलं, नाही. मॅडमनं पहिल्याच मीटिंगमध्ये तसं सांगितलं होतं.

सगळ्यात अवघड होतं अशोकला सांगणं. गेल्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर एकटाच तुमच्याकडे गेलो. तो पुण्याहून परतून आठवडा झाला होता. घरात तुझी पुस्तकं खोक्यांत भरून ठेवली होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. ढग, पावलं, वहीतलं "थिओ.", गाडीतलं बोलणं, सालेम, सगळं. मला वाटलं होतं त्याला माहीत असेल. नवऱ्याला तरी सांगितलं असशील.

अशोकनं पूर्ण ऐकून घेतलं. मग खुर्चीच्या हातावर बोटं घट्ट दाबत म्हणाला, "मी तिला साडेतीन वर्षं बोललो, पास्कल. तुझ्याच निष्काळजीपणामुळे तुझी नोकरी गेली, असं तिला म्हणालो. माणसांसमोर म्हणालो. गेल्या दिवाळीतसुद्धा. ती एकदाही काही बोलली नाही."

मी काहीतरी म्हणायला गेलो.

"तू आता जा," तो म्हणाला.

मी गेलो. जिना उतरायला लागलो. सुलभा, मला वाटायचं माझ्या खोट्यानं तुझी नोकरी गेली. ते तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं होतं, तुझ्या सणाच्या दिवसापर्यंत, हे मला त्या जिन्यात कळलं. त्याबद्दल कुठल्या कार्यालयात पत्र द्यायचं?

काल अशोकचा फोन आला. "ती जागा मला बघायचीय," म्हणाला. "तू घेऊन चल. पण वाटेत माझ्याशी बोलू नकोस."

मी बरं म्हटलं. परवा गुरुवारी पहाटे सहाला मी त्याच्या इमारतीखाली गाडी घेऊन उभा राहणार आहे. जायला अडीच तास, यायला अडीच तास. तो काही बोलला तर ऐकेन.